गाठीची शिल्लक आणि काम नाकारण्याचे स्वातंत्र्य

पावसाळा सरत आला की बीड, जालना, परभणी, अहिल्यानगर या जिल्ह्यांतील अनेक गावांत मुकादमांची वर्दळ सुरू होते. साखर कारखान्यांचा गळीत हंगाम तोंडावर आलेला असतो आणि ऊसतोडणीसाठी 'कोयते' ठरवायचे असतात. पती-पत्नीची जोडी म्हणजे एक कोयता. हंगाम सुरू होण्यापूर्वीच या जोडीच्या हाती काही रक्कम ठेवली जाते. तिला 'उचल' म्हणतात. मुलीचे लग्न, आजारपण, जुने देणे, घराचे छप्पर अशा कारणांसाठी ती रक्कम घेतली जाते आणि बहुधा हंगाम सुरू होण्याआधीच संपते. पुढील पाच-सहा महिने त्या जोडीने कोठे, कोणासाठी आणि किती तास राबायचे, हे मात्र त्याच रकमेने ठरलेले असते.

बचतीचा विचार आपल्याकडे सहसा म्हातारपण, आजारपण किंवा मुलांचे शिक्षण यांच्या संदर्भात केला जातो. तिचा आणखी एक उपयोग आहे आणि त्याची चर्चा फारशी होत नाही. ज्या ठिकाणी मजुरी बुडवली जाते, अपमान होतो किंवा जिवाला धोका असतो, ते काम सोडून बाहेर पडण्याचे बळ गाठीशी असलेल्या शिलकीतून येते. राज्यघटनेच्या १९ व्या अनुच्छेदाने प्रत्येक नागरिकाला व्यवसायाचे स्वातंत्र्य दिले आहे. ते वापरण्यासाठी मात्र पुढच्या महिन्याचा किराणा आणि घरभाडे यांची तरतूद हाताशी असावी लागते.

उचल : बचतीची उलटी बाजू

ही पद्धत केवळ महाराष्ट्रापुरती मर्यादित नाही. ओडिशातील बलांगीर, नुआपाडा या जिल्ह्यांतील कुटुंबे नुआखाईच्या सणानंतर दलालांकडून आगाऊ रक्कम घेऊन तेलंगण, आंध्र प्रदेश आणि तमिळनाडूतील वीटभट्ट्यांवर जातात. तेथे अशा मजुरीला 'दादन' म्हटले जाते. उत्तर भारतातील वीटभट्ट्यांवर हीच रक्कम 'पेशगी' या नावाने ओळखली जाते. नावे वेगळी असली तरी गणित एकच आहे. कामगाराने भविष्यातील श्रम आज विकलेले असतात आणि त्याचा मोबदला त्याने आधीच खर्च केलेला असतो.

बचत म्हणजे मागे केलेल्या श्रमांचा शिल्लक राहिलेला मोबदला, तर उचल म्हणजे पुढे करावयाच्या श्रमांचा आधीच संपलेला मोबदला. पहिला पैसा कामगाराला वेळ मिळवून देतो, दुसरा त्याचा वेळ आधीच ताब्यात घेतो. ऊसतोडणीत एखाद्या दिवशी काम चुकले की 'खाडा' धरला जातो आणि त्याची रक्कम मजुराच्या नावे लावली जाते. हंगामाच्या शेवटी हिशेब होतो तेव्हा उचल पूर्ण फिटली नसेल, तर बाकी पुढील हंगामात ओढली जाते. असा मजूर त्या मुकादमाकडे पुन्हा जातो, त्यामागे कामाची आवड नसते. न जाण्याची किंमत त्याच्यापाशी नसते.

घरकामगार, हॉटेलांतील मुले, लहान कारखान्यांतील कारागीर यांच्या बाबतीत हेच लहान प्रमाणावर घडते. मालकाने अडचणीच्या वेळी दिलेले दोन-चार हजार रुपये हा प्रथमदर्शनी उपकार असतो. पण ती रक्कम पगारातून फिटेपर्यंत वाढीव काम, उशिरा मिळणारा पगार किंवा सुट्टीचा नकार यांविरुद्ध बोलणे अवघड होते. तेवढीच रक्कम स्वतःच्या खात्यात असती, तर अडचणही भागली असती आणि बोलण्याची मुभाही राहिली असती.

न्यायालयाने ओळखलेली सक्ती

गरिबीमुळे पत्करलेले काम खरोखर स्वेच्छेचे असते काय, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयासमोर १९८२ मध्ये आला. दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामांवर राबणाऱ्या मजुरांना किमान वेतन मिळत नसल्याची तक्रार 'पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्स' या संघटनेने केली होती. न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांच्या खंडपीठाने या प्रकरणात दिलेला निकाल कामगारविषयक कायद्याच्या इतिहासात महत्त्वाचा मानला जातो. सक्ती केवळ शारीरिक बळाची किंवा कायद्याच्या धाकाचीच असते असे नाही. भूक आणि दारिद्र्य यांनी माणसापुढे दुसरा पर्यायच ठेवला नसेल, तर तीही सक्तीच होय, असे न्यायालयाने म्हटले. किमान वेतनापेक्षा कमी मोबदल्यात करवून घेतलेले काम हे घटनेच्या २३ व्या अनुच्छेदाने निषिद्ध ठरविलेल्या वेठबिगारीत मोडते, असा निष्कर्ष त्यातून निघाला.

त्यापूर्वीच, १९७६ मध्ये, संसदेने वेठबिगार पद्धती निर्मूलन अधिनियम संमत केला होता. घेतलेल्या आगाऊ रकमेपोटी मजुराला किमान वेतनाहून कमी पैशांत राबावे लागत असेल, दुसरीकडे काम करण्याचे किंवा मोकळेपणी ये-जा करण्याचे स्वातंत्र्य त्याने गमावले असेल, तर या कायद्यानुसार ती वेठबिगारी ठरते. अशा मजुराचे कर्ज कायद्यानेच नष्ट होते. ते कर्ज वेठबिगारीचे नव्हते, हे सिद्ध करण्याची जबाबदारी सावकारावर असते. मजुराची मुक्तता आणि पुनर्वसन ही जिल्हा प्रशासनाची जबाबदारी आहे. केंद्र सरकारच्या पुनर्वसन योजनेत मुक्त झालेल्या मजुराला तातडीची मदत म्हणून ३० हजार रुपयांपर्यंत रक्कम देण्याची तरतूद आहे.

या तातडीच्या मदतीमागील विचार लक्षात घेण्याजोगा आहे. कर्ज कायद्याने संपले, तरी मुक्त झालेला मजूर दुसऱ्या दिवशी सकाळी उपाशी असेल, तर तो पुन्हा त्याच दारी जातो. त्यामुळे मुक्ततेच्या आदेशासोबत काही दिवसांच्या निर्वाहाची सोयही करावी लागते. म्हणजेच बचतीने जे काम करावयाचे, ते येथे शासनाला करावे लागते.

कोण किती काळ थांबू शकतो

मालक आणि कामगार यांच्यातील वाटाघाटीत दोघांपैकी अधिक काळ कोण थांबू शकतो, याला मोठे महत्त्व असते. अर्थशास्त्रज्ञ ॲडम स्मिथ यांनी १७७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात याचे विवेचन केले आहे. मालक जवळच्या साठ्यावर वर्ष-दोन वर्षे तग धरू शकतो. कामगारांपैकी अनेक जण एक आठवडाही काढू शकत नाहीत, महिनाभर तग धरणारे थोडे आणि वर्षभर तग धरणारे अगदी विरळा, असा त्यांच्या मांडणीचा आशय होता. कामगाराची मालकाला आणि मालकाची कामगाराला सारखीच गरज असली, तरी दोघांची निकड सारखी नसते.

अल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये याच विचाराला दुसरी बाजू जोडली. एखाद्या संस्थेत बिघाड झाला की माणसापुढे मुख्यतः दोन मार्ग असतात : बाहेर पडणे किंवा आत राहून आवाज उठवणे. हे मार्ग परस्परांपासून अगदी वेगळे नाहीत. जो बाहेर पडू शकतो, त्याच्या तक्रारीकडे अधिक गांभीर्याने पाहिले जाते. त्यामुळे शिल्लक असलेला प्रत्येक कामगार नोकरी सोडतोच असे नाही. बरेचदा तो नोकरीत राहून सुरक्षेचा पट्टा मागतो, जादा कामाचा मोबदला मागतो, पावतीवर कोरी सही करण्यास नकार देतो.

मुंबईतील कापड गिरणी कामगारांचा संप या दृष्टीने अभ्यासण्यासारखा आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या या संपात सुमारे अडीच लाख कामगार सहभागी झाले होते. संप वर्षाहून अधिक काळ रेंगाळला. इतका काळ कामगारांनी तग धरला, याचे एक कारण गाव हे होते. अनेक कामगार कोकणात, साताऱ्याला, कोल्हापूरला आपापल्या घरी परतले; थोडीफार शेती आणि नातेवाईक यांच्या आधारावर त्यांनी दिवस काढले. बँकेच्या पुस्तकात न दिसणारी ती एक प्रकारची बचतच होती. तीही आटत गेली, घरातील दागिने आणि भांडी विकली गेली. संप औपचारिकरीत्या कधीच मागे घेतला गेला नाही, पण त्याची ताकद ओसरली. शिल्लक लढण्याला वेळ देते, विजयाची हमी देत नाही, हे या घटनेने दाखवून दिले.

अहमदाबादचा अनुभव

अत्यल्प उत्पन्न असलेल्या व्यक्ती बचत करू शकत नाहीत, हा समज अहमदाबादच्या महिलांनी खोटा ठरविला. इला भट्ट यांनी १९७२ मध्ये 'सेवा' ही स्वयंरोजगारी महिलांची संघटना स्थापन केली. भाजी विकणाऱ्या, हातगाडी ओढणाऱ्या, डोक्यावरून ओझी वाहणाऱ्या, घरी बसून शिवणकाम करणाऱ्या महिला तिच्या सदस्य होत्या. त्यांची मिळकत सावकाराच्या व्याजात आणि हातगाडीच्या भाड्यात जात असे. ज्याच्याकडून माल किंवा पैसा घ्यायचा, त्यालाच तयार माल त्याने ठरविलेल्या भावाने द्यावा लागे.

या महिलांनी स्वतःची बँक काढण्याचे ठरविले, तेव्हा निरक्षर महिला बँक कशी चालविणार, अशी शंका घेतली गेली. तथापि सुमारे चार हजार महिलांनी प्रत्येकी दहा रुपये भागभांडवल दिले आणि १९७४ मध्ये श्री महिला सेवा सहकारी बँक स्थापन झाली. सही करता न येणाऱ्या खातेदारांची ओळख पटविण्यासाठी छायाचित्राचा उपयोग करण्यात आला. बँकेचे कर्मचारी वस्त्यांत आणि बाजारांत जाऊन लहान-लहान रकमा गोळा करू लागले.

गहाण पडलेले दागिने सोडविणे आणि सावकाराचे जुने देणे फेडणे, हा या बँकेच्या सुरुवातीच्या कामाचा महत्त्वाचा भाग होता. भाड्याची हातगाडी किंवा भाड्याचे शिवणयंत्र स्वतःच्या मालकीचे झाले की रोजच्या कमाईतील एक वाटा सुटतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे माल कोणाला विकायचा हे ठरविण्याचा अधिकार परत मिळतो. खाते महिलेच्या स्वतःच्या नावे असल्यामुळे घरातील इतरांना ती रक्कम सहज काढता येत नाही, हाही या प्रयोगाचा मोठा लाभ ठरला. पुढे १९९२ मध्ये नाबार्डने स्वयंसहायता बचत गटांना बँकांशी जोडण्याचा प्रायोगिक कार्यक्रम सुरू केला आणि दहा-वीस महिलांच्या गटाने दरमहा ठरावीक रक्कम बाजूला टाकण्याची पद्धत देशभर रुजली.

सोबत येणारा पैसा, मागे राहणारा पैसा

संघटित क्षेत्रातील कामगारांची बचत मुख्यतः कर्मचारी भविष्य निर्वाह निधीत असते. या निधीत कामगाराच्या वेतनातून १२ टक्के रक्कम जमा होते. मालकही १२ टक्के देतो, त्यातील ८.३३ टक्के निवृत्तिवेतनासाठी वळते होतात. १५ हजार रुपये मूळ वेतन असलेल्या कामगाराचे उदाहरण घेतल्यास त्याचे स्वतःचे १,८०० रुपये आणि मालकाच्या वाट्यातील सुमारे ५५० रुपये, असे दरमहा २,३५० रुपये त्याच्या निधीत पडतात. तीन वर्षांत व्याज सोडून ही रक्कम ८४,६०० रुपये होते.

२०१४ मध्ये सार्वत्रिक खाते क्रमांक सुरू झाल्यापासून नोकरी बदलली तरी कामगाराचा क्रमांक तोच राहतो आणि निधी नव्या नोकरीत नेता येतो. काम सुटल्यावर ७५ टक्के रक्कम तत्काळ आणि उरलेली २५ टक्के रक्कम बेरोजगारीच्या १२ महिन्यांनंतर काढता यावी, असा निर्णय निधीच्या केंद्रीय विश्वस्त मंडळाने ऑक्टोबर २०२५ मध्ये घेतला. वरील उदाहरणात ७५ टक्के म्हणजे ६३ हजारांहून अधिक रक्कम होते. त्यातून मध्यम खर्चाच्या कुटुंबाचे चार महिने निघू शकतात. अर्थात ही रक्कम निवृत्तीसाठी आहे. प्रत्येक नोकरीबदलाच्या वेळी ती काढून घेतल्यास उतारवयात हात रिकामा राहतो.

उपदानाची, म्हणजे ग्रॅच्युइटीची, गोष्ट वेगळी आहे. १९७२ च्या कायद्यानुसार ती मिळण्यासाठी सर्वसाधारणपणे पाच वर्षांची सलग सेवा आवश्यक होती. साडेतीन-चार वर्षे झालेला कामगार त्रास सहन करूनही 'आता थोडेच दिवस राहिले' म्हणून थांबतो, याचे एक कारण हे होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत ठरावीक मुदतीच्या कामगारांना एका वर्षाच्या सेवेनंतर उपदान देण्याची तरतूद करण्यात आली आहे. त्याच दिवशी लागू झालेल्या वेतन संहितेनुसार राजीनामा दिलेल्या कामगाराचे देय वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत देणे बंधनकारक आहे. कामगाराला घाबरविण्यासाठी शेवटचा पगार अडकवून ठेवला जातो, अशा ठिकाणी ही तरतूद उपयोगी पडणारी आहे.

काही नोकऱ्यांत मुदतीपूर्वी काम सोडल्यास ठरावीक रक्कम भरण्याचा करार करून घेतला जातो. एका सरकारी बँकेच्या अशाच दोन लाख रुपयांच्या अटीस सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये वैध ठरविले. म्हणून नोकरी स्वीकारतानाच कराराचा कागद वाचणे आणि बाहेर पडण्याची किंमत किती आहे हे समजून घेणे आवश्यक ठरते.

बेरोजगारीच्या काळात मदत देणाऱ्या योजना आहेत, पण त्यांचा रोख बहुतांशी अनिच्छेने काम गमावलेल्यांकडे असतो. कर्मचारी राज्य विमा महामंडळाने २०१८ मध्ये सुरू केलेल्या अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत गैरवर्तनामुळे काढलेल्यांना किंवा स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्यांना लाभ मिळत नाही. त्रास असह्य होऊन स्वतः राजीनामा देणाऱ्याला मुख्यतः स्वतःच्या शिलकीवरच अवलंबून राहावे लागते.

किती आणि कोठे

अशा शिलकीचे मोजमाप रुपयांपेक्षा दिवसांत करणे सोयीचे असते. घराचा आवश्यक मासिक खर्च १५ हजार रुपये असेल, तर एक दिवस ५०० रुपयांचा होतो. रोज ५० रुपये बाजूला पडले, तर दहा दिवसांत एका दिवसाची मोकळीक जमा होते. साठ दिवसांची शिलकी रक्कम ३० हजार रुपये. ती या गतीने सुमारे वीस महिन्यांत उभी राहते. ही गती मंद वाटली तरी तिचा परिणाम शेवटच्या दिवशी एकदम होत नाही. पंधरा दिवसांची शिल्लक असलेला कामगार थकलेल्या पगाराची वाट न पाहता दुसरे काम शोधण्यास बाहेर पडू शकतो. दोन-तीन महिन्यांची शिल्लक असेल, तर सूचनेचा कालावधी आणि नव्या नोकरीचा पहिला पगार यांमधील अंतर पार करता येते.

ही रक्कम गरजेच्या दिवशी हाती येणारी असावी. सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीची मुदत १५ वर्षांची असल्याने या कामासाठी तो सोयीचा नाही. बचत खाते हे सर्वांत सोपे साधन आहे. ऑगस्ट २०१४ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री जनधन योजनेतील खात्यात किमान शिलकीची अट नाही आणि २०२३ च्या ऑगस्टपर्यंत अशा खात्यांची संख्या ५० कोटींवर गेली होती. टपाल कार्यालयाच्या आवर्ती ठेवीत दरमहा १०० रुपयांपासून रक्कम भरता येते. मात्र तिची मुदत पाच वर्षे असते आणि तीन वर्षांपूर्वी खाते बंद करता येत नाही. ओळखीच्या माणसांतील भिशी शिस्त लावते, पण ती बुडाल्यास दाद मागणे कठीण जाते. सोने अडचणीत गहाण ठेवता येते, तथापि व्याज सुरू होते आणि बचतीचे पुन्हा कर्ज बनते.

मालकाकडेच ठेवलेला पैसा मात्र या अर्थाने बचत नव्हे. अनेक घरकामगार आणि स्थलांतरित मजूर 'सुरक्षित राहील' म्हणून पगाराचा काही भाग मालकाकडे किंवा ठेकेदाराकडे जमा ठेवतात. काम सोडण्याची वेळ येते तेव्हा तीच रक्कम त्यांना अडवून धरते.

बचतीच्या मर्यादा

बचतीचा हा विचार मांडताना एक सावधगिरी आवश्यक आहे. ज्याची सगळी मिळकत अन्न, भाडे आणि औषधे यांतच संपते, त्याला काटकसरीचा उपदेश करणे अन्यायाचे आहे. किमान वेतन न मिळणाऱ्या मजुराची शिल्लक आधीच दुसऱ्याच्या खिशात गेलेली असते. त्यामुळे वेळेवर व पुरेसे वेतन, आजारपणात परवडणारे उपचार आणि स्वस्त दराचे कर्ज या गोष्टी बचतीच्या आधी येतात. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी जाहीर झाल्यानंतर शहरांतून पायी गावाकडे निघालेल्या मजुरांनी हे सर्व देशाला दाखवून दिले. काही दिवसांची मजुरी थांबताच शहरात राहणे त्यांना अशक्य झाले. त्या काळात भविष्य निर्वाह निधीतून विशेष रक्कम काढण्याची सवलत देण्यात आली होती, पण बहुसंख्य असंघटित मजुरांचे असे खातेच नव्हते.

एकट्याच्या बचतीने एक कामगार वाईट नोकरीतून सुटतो. ती नोकरी मात्र तशीच राहते आणि तिच्यावर अधिक गरजू माणूस येतो. नोकरी सुधारण्यासाठी संघटना, कायदा आणि तपासणी यंत्रणा यांचीच गरज असते. तरीही या तिन्हींचा उपयोग करून घेण्यासाठी तक्रार करणाऱ्याला काही दिवस तग धरावा लागतो. कामगार न्यायालयाची तारीख, निरीक्षकाची भेट, युनियनची बैठक यांपैकी काहीही एका दिवसात होत नाही.

पावसाळ्याच्या अखेरीस मुकादम दारी येतो तेव्हा घरात महिनाभराचे धान्य आणि बचत गटाच्या पुस्तकात काही हजारांची नोंद असेल, तर त्या जोडीला किमान दर विचारता येतो, अटी ऐकता येतात आणि पटले नाही तर या वर्षी येत नाही, असे सांगता येते. कायद्याने दिलेले व्यवसायाचे स्वातंत्र्य त्या वेळी प्रत्यक्षात उतरते.